आत्याचा वाटा

बहिणीनं माहेरच्या जमिनीत वाटा मागू नये, असं माझं ठाम मत होतं. हक्कसोडपत्रावर सही करावी, दिवाळीला हक्कानं माहेरी यावं, म्हणजे नाती शाबूत राहतात. आज मला हे पटत नाही.

बाबा मृत्युपत्र न करता गेले. कर्नाटकातल्या आनेकलजवळच्या जमिनीचं पौती खातं करायचं, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावं लावायची, तर महसूल खात्याच्या नाडकचेरीत वंशवृक्ष द्यावा लागतो. एजंट म्हणाला, "मुलींची नावं कशाला घालता? काम अडकतं." वंशवृक्षासाठी जुने कागद काढले, तेव्हा आजोबांच्या पश्चात झालेली १९७४ची नोंद हाती लागली. वारस एकटे बाबा. आत्याचं नाव नाही, तिनं हक्क सोडल्याचंही कुठं नाही. जणू आजोबांना मुलगीच नव्हती! लग्न होईपर्यंत याच रानात तिनं नाचणीची खुरपणी केली होती.

जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं ती आजी, बाबा आणि आत्या यांची सारखी झाली. पुढे आजीही मृत्युपत्राविना गेली आणि तिचा हिस्सा दोघा भावंडांत आला. म्हणजे निम्मी जमीन आत्याची. उरलेल्या निम्म्या जमिनीत आई, मी, भाऊ आणि बहीण सारखे वाटेकरी. पहाणीत, म्हणजे जमिनीच्या महसुली उताऱ्यात, इतकी वर्षं बाबांचं नाव आहे खरं. पण अशी नोंद महसुलापुरती असते, तिनं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलं आहे. आणि एका वारसानं जमीन कितीही वर्षं कसली, तरी तेवढ्यानं दुसऱ्याचा हक्क बुडत नाही.

भाऊ चिडला आहे. वाटे काढले की घर फुटतं, म्हणतो. मीही हेच म्हणत आलो. पण शहाजीराजांच्या पश्चात बेंगळूरसह कर्नाटकची जहागीर व्यंकोजीराजांकडे राहिली, तेव्हा १६७७ साली खुद्द शिवाजी महाराजांनी धाकट्या भावाकडे आपला निम्मा वाटा मागितला होता. त्याला आपण कधी हावरेपणा म्हणत नाही. मग आत्याच्या तोंडी तीच मागणी का खुपावी? तिनं तर अजून मागितलेलंही नाही.

वंशवृक्षाच्या अर्जात मी आत्याचं आणि बहिणीचं नाव घातलं आहे. आत्या थकली आहे, म्हणून हे तिच्या हयातीत व्हायला हवं. ती कदाचित नको म्हणेल. मग उपनिबंधकांसमोर, सगळा हिशेब समजून घेऊन, हक्कसोड लिहून देईल. नाहीतर आपली निम्मी जमीन मोजून घेईल.