एकटा जीव आणि गवत कापायचं यंत्र

एकटेपणा ही चीज आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. रेल्वेच्या डब्यात खिडकीशी बसून तुम्ही जरा कुठे अंतर्मुख होऊ लागलात, की समोरचे गृहस्थ "कुठवर?" म्हणून सुरुवात करतात. दादर सुटून कर्जत यायच्या आत त्यांना तुमचा पगार आणि तुम्हाला त्यांच्या मेव्हण्याची पत्रिका पाठ झालेली असते. तेव्हा एकटेपणा पाहायचा तर सिनेमातच. गेल्या महिन्यात मी एकाकी प्रवाशांचे तीन सिनेमे पाहिले. अर्थात सहकुटुंब!

'कास्ट अवे'मध्ये (२०००) टॉम हँक्स चार वर्षं निर्मनुष्य बेटावर अडकतो. नारळ फोडतो, विस्तव पेटवतो, दुखरा दात स्वतःच पाडतो. सगळं जमतं, गप्प बसणं तेवढं जमत नाही. शेवटी व्हॉलीबॉलला नाक-डोळे काढून, त्याचं विल्सन असं बारसं करून तो त्याच्याशी चक्क भांडतो. "बघा," आमची ही म्हणाली, "तो चेंडूशी बोलतो. तुम्ही जेवताना हूं की चूं करत नाही!"

'नोमॅडलँड'मधल्या (२०२०) फर्नचा नवरा गेलेला, गावचा कारखाना बंद, गावच उठलेलं. बाई गाडीतच संसार थाटून अमेरिकाभर हिंडते. लोक राहायला बोलावतात, तर ती मऊ बिछाना सोडून रात्री गाडीत जाऊन झोपते. "डिपॉझिट न घेता खोली देत होते!" आई हळहळली. पण वडिलांनी दिलेली बशी फुटल्यावर फर्न तुकडे चिकटवत बसली, तेव्हा आईनं मान डोलावली. ते तिला समजलं.

तिसरा डेव्हिड लिंचचा 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९). ही १९९४ सालची खरी घडलेली गोष्ट. ७३ वर्षांचे आल्विन स्ट्रेट, दोन काठ्यांवर चालणारे. डोळे अधू म्हणून मोटारीचं लायसन्स नाही. भाऊ आजारी पडल्याचं कळतं. भाऊ २४० मैलांवर, म्हणजे मुंबईहून जवळजवळ कोल्हापूर. आणि दोघांत दहा वर्षांचा अबोला. म्हातारबुवा गवत कापायच्या यंत्रावर बसून निघतात. वेग ताशी आठेक किलोमीटर! वाटेत एक भला माणूस मोटारीनं सोडतो म्हणतो, तर ते नको म्हणतात.

मला आधी हा हट्ट वाटला. मग कळलं, की दहा वर्षांचा ताठा मोटारीच्या वेगानं उतरत नाही. तो ताशी आठ किलोमीटरनंच उतरतो. आपल्याकडे तर अबोला धरलेले भाऊ एकाच वाड्यात राहतात. मधे एक भिंत आणि निरोप्या पोरं. ते अंतर कापायला कुठलं यंत्र आणायचं?

शेवटी दोघे भाऊ ओसरीवर बसतात. दोन शब्द बोलतात न बोलतात, आणि वर चांदण्यांकडे बघत राहतात. आमच्या घरातली पाच माणसं एकाच वेळी गप्प झाल्याची ती पहिलीच घटना.

आईनं पदरानं डोळे टिपले. "नाशिकचा मामा कसा असेल रे?" म्हणाली. आजोबांच्या घराच्या वाटणीपासून तीन वर्षं तिनं मामाचं नाव काढलं नव्हतं.

"फोन लावू?" मी विचारलं.

"फोन नको," आई म्हणाली. "एसटीनं जाऊ."