मुक्काम पोस्ट बस

आमच्या रामबागेतील गल्लीत ती बस शिरली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. दूधवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सर्वांनी अशीच समजूत करून घेतली की, हेडमास्तरांच्या घरी लग्न निघाले असावे. बस वऱ्हाडाची नव्हती. सव्वीस आसनांची ती जुनी गाडी पूर्वी कोणत्याशा खासगी शाळेची मुले वाहत असे. पिवळ्यावर पांढरा रंग चढवला होता, तरी पाठीमागची 'स्कूल बस' ही अक्षरे तिरप्या उन्हात अजून वाचता येत होती. चालकाच्या जागेवरून आमचे चिरंजीव उतरले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाबा, घर घेऊन आलोय."

चिरंजीव पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरीस आहेत. मार्च २०२० मध्ये कचेऱ्या बंद झाल्या तेव्हापासून त्यांचे काम घरूनच चालते, आणि ते घर कोठे असावे याविषयी कंपनीने पुढेही आग्रह धरला नाही. तेव्हा त्यांनी भाड्याची जागा सोडली, साठवलेल्या पैशातून बस घेतली आणि वर्षभर कोकण, बेळगाव, हंपी असे हिंडत नोकरी केली. सौ.ची तक्रार एकच. स्थळे सांगून येत, आणि मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न असे, मुलगा राहतो कुठे? तिने एकदा खरे उत्तर देऊन पाहिले. त्या मंडळींचा पुन्हा निरोप आला नाही.

आम्हालाही हे रुचले होते असे नाही. कोरोनाच्या काळात आम्ही मोबाइलवरून शिकवले आहे. पन्नासांच्या वर्गातील बारा-पंधरा मुले तेवढी पडद्यावर उमटत. इतरांच्या घरी फोन नसे, किंवा असलेला फोन सकाळीच बापाबरोबर कामावर गेलेला असे. समोर माणूस नसता केलेल्या कामावरचा आमचा विश्वास तेव्हाच उडाला. शिवाय आमचे कोणी पूर्वज रत्नागिरीकडून येऊन होळकरांच्या कचेरीत कारकुनीला लागले, तेव्हापासून हे घराणे एका जागी बसलेले. वाड्याच्या सहा खोल्यांत आता आम्ही दोघेच. सेवानिवृत्तीला थोडी वर्षे उरली असता एकुलता एक मुलगा चाकांवर बिऱ्हाड मांडतो, हे पाहून आम्ही काही बोललो नाही, इतकेच.

२०२४ च्या मे महिन्यातील ही हकीकत. तेरा तारखेला मतदान होऊन निवडणुकीच्या कामातून आमची सुटका झाली होती. चिरंजीव बसमध्ये काही सुधारणा करवून घेण्यासाठी इंदुरात आले होते आणि त्यानंतर निमाडात चार दिवस जाणार होते. सौ. म्हणाली, "अहो, तुम्हीच जा ना बरोबर. एकदा डोळ्यांनी बघून या, म्हणजे मला तरी कळेल." आम्ही होकार दिला, तो सुधारणा कशा चालल्या आहेत हे पाहून मगच.

त्या पाहण्यात आमचा आठवडा गेला. पूर्वी बसमध्ये घरगुती इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी दीडशे अँपिअर-अवरच्या. कागदावर दोन्ही मिळून साडेतीन युनिट वीज. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास लवकर मरते, म्हणून हाती येई पावणेदोन युनिट. आणि वजन सव्वाशे किलोच्या घरात! त्यांच्या जागी लिथियम-लोह-फॉस्फेटची दोनशे अँपिअर-अवरची एकच बॅटरी आली. तिची अडीच युनिटे बहुतेक सगळी वापरता येतात आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास. खर्चाची बाजू चिरंजीवांना दिवसाच्या हिशेबात तोंडपाठ होती. संगणक, जोडपडदा आणि इंटरनेटचे यंत्र मिळून पाऊण युनिट, लहान फ्रिजला अर्धे, रात्रभर दोन पंख्यांना अर्धे. स्वयंपाक गॅसवर. घरखर्चाच्या वहीत त्यांनी आजवर कधी इतके लक्ष घातले नव्हते, ही गोष्ट आम्ही मनात नोंदवून ठेवली.

टपावर सूर्यशक्तीचे दोन फलक बसवले होते, प्रत्येकी ३३० वॅटचे. ते पत्र्याला चिकटवलेले नसून चार बोटे उंच उचललेले होते. त्या फटीतून वारा खेळतो, फलक तापत नाहीत आणि पत्र्यावर आयती सावली पडते. फलक तापला की वीज कमी देतो. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला शेकडा एक-तृतीयांशाहून थोडी अधिक तूट. म्हणजे पासष्ट अंशांवर जवळजवळ एक सप्तमांश गेली. आतून पत्र्याला फेसाचा जाड थर, त्यावर प्लायवूड. चिरंजीवांना सर्वांत अभिमान होता तो एका सुट्या फलकाचा, दहा मीटर वायरीला जोडलेल्या. बस सावलीत उभी करावी तर टपावर ऊन नाही, आणि उन्हात उभी करावी तर आत माणूस भाजतो. हा पेच त्यांना वर्षभर छळत होता. आता बस लिंबाखाली आणि सुटा फलक अंगणात. हा विचार आधीच कसा सुचला नाही, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "सुचला होता, पैसे नव्हते."

कागदपत्रांचाही एक अध्याय होऊन गेला होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही; तो मंजूर होऊन नोंदणीपुस्तकात चढावा लागतो. त्यात बरेच महिने गेले असे ऐकले. आम्ही सरकारी नोकर असल्याने आश्चर्य वाटले नाही.

गुरुवारी, बुद्धपौर्णिमेच्या पहाटे निघालो. महू मागे टाकून जामच्या दरवाजाशी थांबलो. विंध्याच्या अगदी कड्यावर अहिल्याबाईंच्या काळात उभी राहिलेली ही वेस माळव्याचा उंबरठाच होय. इकडे इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि तिकडे खाली निमाड दीड-दोनशे मीटरवर, धुरकट, पिवळे, भट्टीच्या तोंडासारखे. घाटाच्या वळणांवर कपाटातील डबे वाजू लागले. शाळेची सहल नेताना आम्ही बसच्या दारात उभे राहून मुले मोजतो. त्या सवयीने आम्ही डबे मोजले. सगळे होते.

महेश्वरला गावाबाहेर लिंबाचे झाड शोधून नऊच्या सुमारास तळ दिला. साडेदहाला चिरंजीव संगणकासमोर बसले आणि आमच्या दृष्टीने नाहीसे झाले. आम्ही घाटावर गेलो. किल्ल्यातील तो वाडा कितीदाही पाहिला तरी एकच गोष्ट मनात भरते, ती त्याचा साधेपणा. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी सावकाराचा वाडा याहून मोठा असतो. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे होळकरांचा कारभार अहिल्याबाईंनी पाहिला, तो मुख्यत्वे येथून. काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, शिवाय देशभरच्या धर्मशाळा, घाट आणि विहिरी. त्या सर्व कामांवर बाई स्वतः देखरेखीला जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. हिशेब येत, पत्रे जात, जासूदजोड्या धावत. समोर माणूस नसता केलेल्या कामाविषयी आमचे जे मत, ते आम्ही घाटाच्या पायरीवर बसून जरा तपासले. पुरते बदलले असे म्हणवत नाही. बाईंच्या दारी गाऱ्हाणे घेऊन येणारा माणूस मात्र समोरच येत असे.

दुपारी चारला परतलो तो चिरंजीवांचा चेहरा उतरलेला. बाहेर चव्वेचाळीस अंश. बॅटरीचे खण आसनाखाली, बंद. आतले तापमान पन्नासाच्या वर गेलेले. या बॅटरीला तिचा एक रखवालदार असतो, विजेचे एक लहानसे मंडल. उष्मा बेताबाहेर गेला की तो वीज भरणे बंद पाडतो, एरवी बॅटरीचे आयुष्यच खुंटते. दुपारी बारापासून फलक उन्हात व्यर्थ तळपत होते आणि बॅटरीत पंचमांश उरली होती. पाच वाजता त्यांची महत्त्वाची बैठक. सहा महिन्यांच्या कामाचा जाब तेथे द्यायचा होता. इंजिन चालू करूनही उपयोग नव्हता, कारण रखवालदार तीही वीज घेईना. आवाज न चढवता ते म्हणाले, "आज बंद पडलं तर मला पुण्यात जागा घ्यायला लावतील, बाबा."

आम्ही मनातल्या मनात हेच तर इच्छीत होतो. अर्ध्या क्षणापुरते आम्ही स्वस्थ उभे राहिलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

मग आठवण झाली ती सौ.ने हट्टाने बरोबर दिलेल्या वाळ्याच्या पडद्याची. आमच्या लहानपणी वाड्याच्या पश्चिमेच्या दारावर तो टांगत आणि तासातासाला पाणी मारीत. खणाचे झाकण काढले, समोर ओला पडदा धरला, त्याच्या मागे लहान पंखा लावला. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, हे सहावीच्या विज्ञानात आम्हीच शिकवतो. शिकवलेले असे कधी वापरले नव्हते. बॅटरीला ओल लागू नये म्हणून पडदा हातभर दूर धरायचा होता, आणि तो धरून आम्ही पाऊण तास उभे राहिलो. साडेचारच्या पुढे आकडा पंचेचाळिसाच्या खाली आला आणि भरणे सुरू झाले. बैठक पार पडली. संध्याकाळी चिरंजीवांनी खणाला जाळीची खिडकी कापली.

रात्री घाटावर चांदणे पाहत बसलो. बोलणे फार झाले नाही. जागेचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

शुक्रवारी उजाडण्यापूर्वी मंडलेश्वरच्या पुलावरून नर्मदा ओलांडली आणि दक्षिण तीराने पूर्वेकडे रावेरखेडीला गेलो. याच काठी २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव वारले, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, अशाच उन्हाळ्यात, तळावर. तटासारख्या भिंतीच्या आत समाधी आहे; त्या वेळी तेथे आमच्याखेरीज एक राखणदार आणि दोन बकऱ्या होत्या. वीस वर्षे पेशवेपद सांभाळणाऱ्या या पुरुषाचा किती काळ पुण्याच्या वाड्यात गेला असेल आणि किती तंबूत? १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडले, ते एका जागी बसून नव्हे. दौलतीची पत्रे तळावरून सुटत, तळावर येऊन पोहोचत. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड आम्ही विद्यार्थिदशेत चाळले होते. पत्रामागून पत्रात लष्कराचा आजचा मुक्काम कोठे हे येते, आणि मग पैशांची, धान्याची, घोड्यांची बोलणी. बाहेर आलो तो चिरंजीव बसच्या टपावर चढून बांबूला अँटेना बांधीत होते. एका कंपनीची रेंज मुळीच नव्हती, दुसरीची एक रेघ होती. अँटेना दोन पुरुष उंच गेल्यावर तिच्या तीन रेघा झाल्या. "आता चालेल," ते वरूनच म्हणाले.

दहाच्या सुमारास पोलिसांची गाडी आली. निवडणुकीचा निकाल लागायचा होता, आचारसंहिता चालू होती, आणि नदीकाठी पडदे लावलेली, टपावर बांबू उभारलेली बस पाहून कोणालाही संशय यावा. हवालदाराने आत डोकावून कपाटे उघडली, फ्रिजमधील ताकाचा तांब्या पाहिला, आम्हाला विचारले, आपण कोण? आम्ही शाळेचे नाव सांगितले. "बरं, मास्साब आहात," असे हिंदीत म्हणत तो खुर्चीवर बसला आणि त्याने कागद मागितले. चिरंजीव सकाळच्या कामाची जुळवाजुळव करीत होते. त्यांनी खुणेने पिशवी दाखवली. नोंदणीपुस्तक आम्हीच काढून दिले.

गाडीची पाटी एमपी ०९ ची, म्हणजे इंदुरची, हे आम्ही पहिल्याच दिवशी पाहिले होते. आधीचा मालक इंदुरचा असेल, अशी समजूत करून घेतली होती. हवालदाराने चष्मा पुसून मोठ्याने वाचले. नाव चिरंजीवांचे, वर्ग, फेरफार मंजूर झालेले वाहन, आणि कायमचा पत्ता, रामबाग, इंदूर, आमच्या वाड्याच्या क्रमांकासह.

तो गेल्यावर आम्ही विचारले, "पुण्यात गाडी घेतलीस, नोंदणी इकडे कशी?"

"हस्तांतराचे हेलपाटे पडले थोडे," संगणकावरून मान न उचलता ते म्हणाले. "कायमचा पत्ता मागतात ना. दुसरा कोणता लिहिणार?"

एवढ्यात सौ.चा फोन आला. पोहोचलात का, जेवलात का, वाळ्याचा पडदा लावलात का, असे तिने ओळीने विचारले, आणि शेवटी, कोणाला सांगायचे झाले तर मुलाचा पत्ता काय सांगू? आम्ही सांगितले, घरचाच सांग, सरकारदप्तरी तोच आहे.

साडेदहाला पाच मिनिटे होती. लिंबाची सावली सरकून सुट्या फलकावर आली होती. तो उन्हात ओढण्यासाठी आम्ही खाली उतरलो.