नेटस्केप बुडालं, मग उरलं काय?

मंडळी, काळ्या आकाशातलं ते भलंमोठं एन हे अक्षर आणि त्याच्यामागून पडणारे तारे आठवतात? पान उघडेपर्यंत तारे पडतच राहायचे. हा नेटस्केप नॅव्हिगेटर, आपल्यातल्या कित्येकांचा पहिला न्याहाळक.

जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांनी एप्रिल 1994 मध्ये ही कंपनी काढली. 9 ऑगस्ट 1995 ला तिचा शेअर 28 डॉलरला बाजारात आला आणि संध्याकाळी 58.25 वर बंद झाला. कंपनीचं वय अवघं सोळा महिने, नफ्याचा अजून पत्ता नाही! त्यानंतर सहाच दिवसांनी, 15 ऑगस्टला, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपण जत्रेत पोचलो तेव्हा नेटस्केपचा पाळणा अगदी वर होता.

खाली कसा आला? नेटस्केप कंपन्यांना न्याहाळक विकत असे. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा एक्स्प्लोरर फुकट दिला आणि पुढे विंडोजबरोबर घरोघरी पोचवला. शेजारच्या दुकानात साखर फुकट मिळू लागली की वाण्याने काय करायचं? पण सगळा दोष शेजाऱ्याचा नव्हे. नेटस्केपने जुनं सगळं बाजूला ठेवून न्याहाळक नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती आलीच नाही, सहावी आली ती थेट नोव्हेंबर 2000 मध्ये. तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं. कंपनी स्वतःही 1999 मध्ये एओएलच्या ताब्यात गेली होती. मायक्रोसॉफ्टने मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरले, हे अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने 2001 मध्ये मान्य केलं. पण निकालाने गिऱ्हाईक परत येत नाही. 1 मार्च 2008 ला नेटस्केपचा आधार अधिकृतपणे बंद झाला.

आम्हा नगरकरांना (आता अहिल्यानगरकरांना म्हणायचं!) ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकची लूना 1972 साली आली. पुढे मोपेड कोणाचीही असो, लोक तिला लूनाच म्हणत. मग काळ मोटारसायकलींचा आला, लूना थांबली आणि 2008 मध्येच कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. पण नगरचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवत राहिला आणि 2024 मध्ये लूना विजेवर धावत परत आली. पाटी उतरली तरी हात विसरले नव्हते.

नेटस्केपचंही तसंच झालं. ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये तिथे दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. आज जवळजवळ प्रत्येक पान त्यावर चालतं. बँकेच्या पत्त्याआधी येणारं एचटीटीपीएस हेही नेटस्केपचंच. आणि मोठी गोष्ट म्हणजे, हरत असताना कंपनीने 31 मार्च 1998 ला आपला सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यातून मोझिला आणि 2004 मध्ये फायरफॉक्स 1.0 आला.

मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, की फायरफॉक्स मराठीतही मिळतो. कोड खुला होता म्हणून स्वयंसेवकांना त्याचे मेनू आपल्या भाषेत आणता आले. मराठीत किती गिऱ्हाईक मिळेल, याचा हिशेब आधी कोणाला पटवून द्यावा लागला नाही. नेटस्केप जिंकलं असतं, तर त्याने तो कोड कधी खुला केला असता का? मला शंका आहे.

असो. शेअरबाजाराच्या वहीत नेटस्केपचं खातं केव्हाच मिटलं. भाषेच्या वहीत मात्र त्याच्या नावावर थोडी जमा अजून दिसते.