समासातली ओळ

सातारा, गुरुवार

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल पोचले. चार पाने तू धाकटीच्या परीक्षेची, शेजारच्यांच्या नळाची आणि रुग्णालयातल्या पंख्याची हकिकत लिहिलीस, आणि अखेरीस, समासात, आडवे करून: ‘परवाच्या सलाईनला तळहात जरा खाजले, पण सिस्टर गडबडीत होत्या, म्हणून बोलले नाही.’ त्या एका ओळीने माझी झोप उडाली.

आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणजे मग रागवायला मी मोकळा. अंडाशयाच्या कर्करोगाची रक्तातली खूण जी सीए-१२५, तिचा आकडा चढू लागला तेव्हाच औषध घेतले असते तर दुखणे एवढे उलटते ना, हे तुझ्या मनाने घेतले आहे, ते काढून टाक. याच शंकेची रीतसर शहानिशा विलायतेत व युरोपात होऊन २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला आहे: आकडा वाढलेल्या ५२९ स्त्रियांपैकी निम्म्यांना तत्काळ औषध दिले, निम्म्यांना लक्षणे दिसेपर्यंत थांबविले, आणि आयुर्मानात काही फरक पडला नाही, घाई केलेल्यांच्या वाट्याला औषधाचा जाच तेवढा आधी आला. पहिल्या सहा डोसांनंतर तू दीड वर्ष निर्धोक राहिलीस, म्हणून तर तेच कार्बोप्लॅटिन पुन्हा देण्याची तजवीज झाली. सहा महिन्यांच्या आत दुखणे परतते, तर त्या औषधावर इतका भरवसा कोणी ठेवला नसता.

परंतु हेच औषध दुसऱ्या फेरीत घेताना, पहिले सहा डोस ज्यांनी विनातक्रार पचविले त्यांच्याही अंगावर ते सातव्या-आठव्या खेपेस उठू शकते. आणि त्याची वर्दी पुष्कळदा तळहाताची खाज, चेहऱ्याची लाली अशा क्षुल्लक रूपाने येते. ती कोणी घेतली नाही, तर पुढल्या खेपेस श्वास कोंडण्यापर्यंत, रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते. वेळीच कळल्यास इलाज आहेत: औषध अगदी थोड्या मात्रेपासून, संथपणे चढवितात, किंवा बदलतात. परवाचा तुझा डोस आठवा होता, बेबी!

माझे लाडके मत तुला पाठ आहे, तरी पुन्हा ऐक. मामलेदार कचेरीत हयात घालविलेल्या माणसाला ठाऊक असते, की जे दप्तरी रुजू नाही ते सरकारच्या लेखी घडलेलेच नाही. आणि आपल्या घरांतून पुरुषाच्या शिंकेचीही दखल घेतली जाते, बाईच्या पोटदुखीची मात्र ती स्वतःदेखील घेत नाही. आत्या आठव. दोन घासांत पोट भरे, लुगड्याची गाठ रोज सैल करावी लागे. आजीने ओवा दिला, वैद्यांनी जलोदर म्हटले. अण्णांच्या त्या सालच्या वहीत गाईच्या दुखण्याची तारीखवार नोंद आहे. आत्याच्या नावे आहे तो तेराव्याचा खर्च. तूही पहिल्या वेळी सारा पावसाळा ‘गॅस’ म्हणून काढलासच ना? तुला ‘शूर’ म्हणणाऱ्यांची मला चीड येते, कारण तुझ्या हसण्याने सोय होते ती त्यांची. सोसणे हा सद्‌गुण असेलही, पण हाताला सलाईन लावलेले असताना नव्हे.

आणि डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली तेव्हा, ‘ती बापाकडची’ म्हणून तू आत्याला वगळलेस, असे धाकटी सांगत होती. अगं, हा कर्करोग ज्यापायी घराण्यात येऊ शकतो, तो बीआरसीए जनुकाचा दोष बापाकडूनही उतरतो, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता असते. आधी तुझी तपासणी होऊ दे. काही निघाले तर रक्त द्यायला मी हजर आहे. मुलींना अंधारात ठेवण्याची मुभा तुला नाही.

नववा डोस तीन आठवड्यांनी म्हणून तोवर थांबू नकोस. पत्र मिळताच डॉक्टरांना फोन कर, आणि ही खाज केसपेपरवर लिहून घ्यायला लाव, सिस्टर गडबडीत असल्या तरी. तळहात आता कसे आहेत? अंगावर चट्टे? दम? यजमानांना सांगितलेस का? नसशीलच, म्हणून त्यांना निराळे पत्र याच टपालाने टाकले आहे. राग आला तर येऊ दे.

तुझा,
दादा