चिलकूरची हरणं

थोरला चिरंजीव हैदराबादला नोकरीला. गेल्या डिसेंबरात आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आठ दिवसांवर आली होती. साहजिकच सौभाग्यवतींनी चिलकूरचा बालाजी गाठला. लोक ह्याला 'व्हिसा बालाजी' म्हणतात. आधी अकरा प्रदक्षिणा, इच्छा पुरी झाली की एकशे आठ. देवळात दानपेटी नाही, हे मला फार आवडलं.

नंतर ती सावलीला बसली आणि आम्ही दोघे जवळच्या मृगवनी राष्ट्रीय उद्यानात गेलो. १९९४ साली घोषित झालेलं, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं रान. मोलेच्या गर्द जंगलाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही खुरटी झाडं, वाळकं गवत उघडंबोडकं वाटतं. पाऊलवाटेने निरीक्षण-मनोऱ्यावर चढलो. अर्धा तास काहीच नाही. मग गवतातूनच उगवावा तसा चितळांचा कळप समोर आला.

शेजारीच गंडीपेटचा उस्मानसागर. १९०८ च्या सप्टेंबरात मुशी नदीच्या पुराने हजारो माणसं नेली. त्यानंतर मुशीवर उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर बांधले. १९९६ साली सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढून ह्या तलावांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामांना आळा घातला. २०२२ साली दुसरा आदेश काढून ते निर्बंध उठवले. मी कारकून माणूस. असे कागद आवक-जावकात नोंदवण्यात माझी हयात गेली. एक कागद जमीन राखतो, दुसरा मोकळी सोडतो, हे मला माहीत होतं. पण त्या कागदापलीकडे चरणारी हरणं कधी पाहिली नव्हती.

मुलाच्याही खिशात तसाच एका कागदाचा प्रश्न होता. कळपाकडे बघतच तो म्हणाला, "बाबा, व्हिसा नाही मिळाला तर तुम्हांला वाईट वाटेल?"

काय सांगणार? गावात दर चार घरांमागे एक घर कुलूपबंद. कोण पोर्तुगीज पासपोर्टावर लंडनला, कोण आखातात. चवथीला दार उघडतं, तेवढंच.

"तुझ्या आईला वाटेल रे," मी म्हटलं.

खरं सांगतो, वाचकहो. देवळात मी दहाच प्रदक्षिणा घातल्या होत्या. अकरावीला पाय दुखण्याचं निमित्त करून खांबाला टेकून उभा राहिलो.

तो माझ्याकडे बघून हसला. बहुधा त्यानेही मोजलं असावं.