रंग मायेत शोधावा

व्हिक्टोरियन काळातला लग्नाचा पोशाख समोर आला की मी आधी त्याची आतली बाजू दाखवायची विनंती करते. बाहेरचं रेशीम उजेडाने विटलेलं असतं. शिवणीत सोडलेल्या मायेत, चुण्यांच्या पोटात मूळ रंग टिकून असतो. वरून मातकट दिसणारा घेर आत गर्द जांभळा निघतो, तेव्हा ती नवरी पहिल्यांदा दिसल्यासारखी वाटते.

राणी व्हिक्टोरिया १० फेब्रुवारी १८४० रोजी पांढऱ्या सॅटिनमध्ये बोहल्यावर चढली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यानंतरही कित्येक दशकं इंग्लंडमधल्या साध्या घरांतल्या मुली निळ्या, तपकिरी, करड्या पोशाखात लग्न करत होत्या. तोच पोशाख पुढे वर्षानुवर्षं रविवारी चर्चला जाताना घालायचा असे. पांढरं रेशीम जपणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं.

रंग ठरवायला जुन्या फोटोंवर मात्र विसंबू नये. त्या वेळी फोटोसाठी वापरल्या जाणाऱ्या, कोलोडियन या रसायनाचा लेप दिलेल्या काचांवर निळा रंग जवळजवळ पांढरा उमटे आणि लाल, पिवळा काळपट. फोटोत शुभ्र दिसणारी नवरी कदाचित आकाशी रंगात नटलेली असेल.

१८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किनला, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनीन बनवायच्या खटपटीत दगडी कोळशाच्या डांबरापासून कापड रंगवायचा जांभळा रंग सापडला. पाठोपाठ मजेंटा आला. रंगांची ही झळाळी मला फार आवडते. त्या काळाला फिकट आणि उदास समजणं हा त्या बायकांवर अन्याय आहे.

तारीख ठरवताना घाई नको. मशीनची टीप दिसली म्हणजे पोशाख शिलाई मशीन आल्यानंतरचा, एवढंच म्हणता येतं, आणि तेही ती टीप नंतरच्या दुरुस्तीची नसेल तर. कापड शिवणीपेक्षा कितीतरी जुनंही असू शकतं, कारण आजीचं रेशीम उसवून नातीसाठी बेतलं जाई. कमरेजवळ जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, तिथे माया सोडवून कंबर सैल केलेली असते. लग्नानंतरचं त्या बाईचं सगळं आयुष्य अशा दुरुस्त्यांत वाचता येतं. म्हणून ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी त्या काढून टाकणं मला मान्य नाही.

तुमच्या घरात आजीचा शालू असेल तर कापण्याआधी थांबा. तो कुणाचा, कोणत्या लग्नातला, कुठे घेतलेला, हे कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा.