तारकापर्वतावरील चीज आणि अतिथीचा लाकडी पाट

पोर्तुगालच्या मध्यभागी सेरा दा एस्त्रेला, म्हणजे ताऱ्यांचा पर्वत, पसरलेला आहे. देशाच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उंच शिखर येथेच असून त्याची उंची १,९९३ मीटर आहे. ती पुरती २,००० मीटर भरावी म्हणून माथ्यावर दगडी मनोरा उभारला गेला, असे सांगतात. मोंदेगो आणि झेझेर या दोन नद्या याच पर्वतात उगम पावतात. उघडे ग्रॅनाइटचे कडे, हिवाळ्यातील बर्फ आणि उतारांवर चरणारे मेंढ्यांचे कळप, हे येथील नित्याचे दृश्य. सेया, गोव्हेया आणि सेलोरिको ही पायथ्याची गावे पिढ्यानपिढ्या एका पदार्थामुळे ओळखली जातात. तो पदार्थ म्हणजे मेंढीच्या दुधाचे मऊ चीज.

पोर्तुगीजांची सत्ता गोव्यात १९६१ पर्यंत टिकली. पाव, काजू, चावी, बादली हे शब्द त्या संबंधातून मराठीत आले आणि घरचेच झाले. चीज मात्र आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ उशिरा आले आणि येताना एक प्रश्न घेऊन आले. युरोपातील अनेक नामांकित चिजांसाठी दूध साकळविण्यास वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. इटलीचे पार्मिजानो आणि फ्रान्सचे कोंते ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. वरून केवळ दूध आणि मीठ दिसते. परंतु अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याने ते ताटात घ्यावे कसे?

तारकापर्वताचे चीज या बाबतीत वेगळे आहे. येथे दूध साकळते ते कार्दो नावाच्या काटेरी झुडपाच्या फुलामुळे. आपल्याकडील माळरानावरचा उंटकटारा याच कुळातला. त्याची जांभळी फुले उन्हाळ्यात खुडून सावलीत वाळवतात. पुढे वाळलेले तंतू मिठाबरोबर कुटून कोमट दुधात त्यांचा अर्क उतरवतात. तासाभरात दूध घट्ट बसते. मग ते हाताने हळूहळू मोडून, निवळी निथळवून, साच्यात दाबतात. एक किलो चिजासाठी सुमारे ५ ते ६ लिटर दूध लागते. थंड हातांच्या स्त्रीचे चीज चांगले उतरते, अशी या गावांत जुनी समजूत आहे. कापडी पट्टीने कंबर बांधलेले गोल चाक किमान महिनाभर थंड, दमट खोलीत मुरते. फुलातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिने अधिक वेगाने विरघळवते. त्यामुळे आतला भाग लोण्यासारखा मऊ होतो आणि चवीला किंचित कडवटपणा येतो. संरक्षित उगमनामाच्या नियमांनुसार यात मेंढीचे कच्चे दूध, मीठ आणि कार्दो यांखेरीज काहीही चालत नाही. असेतांव, सेर्पा आणि नीसा ही पोर्तुगीज चिजेही कार्दोचीच. पण त्याच देशाच्या अझोर बेटांवरील साओ जोर्ज या चिजात प्राणिज रेनेट असते. म्हणजे देशाच्या नावावर विसंबून चालत नाही. प्रत्येक चिजाची चिठ्ठी स्वतंत्र वाचावी लागते.

तथापि, एका फुलाने सारे प्रश्न सुटले असे मानणे हे स्वतःचीच समजूत घालण्यासारखे होईल. याच मेंढ्यांच्या कोकरांचे मांसही येथे संरक्षित नावाने विकले जाते. शिवाय दुधादुभत्याची कालमर्यादा कसोशीने पाळणाऱ्या श्रावकास महिनाभर मुरलेले चीज ग्राह्य नाहीच. कोणी केवळ रेनेट टाळतो, कोणी मुरवलेले सर्व टाळतो, तर कोणी चीज हा पदार्थच वर्ज्य मानतो. हे सारे एकाच दिवाणखान्यात एकत्र येतात, तेव्हा यजमानाच्या विवेकाची खरी कसोटी लागते.

या कसोटीचे उत्तरही याच पर्वतात अंशतः सापडते. चीज निथळल्यावर उरलेली निवळी वाया जात नाही. ती पुन्हा तापवतात, तेव्हा पांढरे मऊ कण वर येतात. त्याला रेकेजांव म्हणतात. ते मुरवत नाहीत, ताजेच खातात आणि सोबत भोपळ्याचा गोड मुरांबा देतात. आपल्या घरी पाहुण्यांसाठी चिजाचा पाट मांडताना हाच धडा घ्यावा. एका पाटावर घरी लिंबू पिळून केलेले त्याच दिवसाचे पनीर, अक्रोड, मनुका आणि भोपळ्याचा मुरांबा असावा. मुरवलेले चीज दुसऱ्या पाटावर, स्वतंत्र सुरीसह आणि नावाच्या चिठ्ठीसह असावे. चिठ्ठीवर दूध कशाने साकळले तेही लिहावे. युरोपीय रीतीप्रमाणे ठेवले जाणारे मध आणि अंजीर मात्र जैन घरच्या पाटावर नसावेत. मऊ चीज तासभर आधी थंडीतून बाहेर काढावे. तारकापर्वताच्या चाकाची वरची चकती कापून आतला गर चमच्याने घेण्याची जुनी पद्धत आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मंडळींचा विचार करून वेळही दुपारनंतरची निवडावी.

आता प्रत्यक्ष पाटाविषयी. भूमध्य सागराच्या परिसरात ऑलिव्ह, अक्रोड व बीच यांचे पाट वापरतात. आपल्याकडे शिसव किंवा साग उत्तम. लाकूड जड, बारीक पोताचे आणि सुमारे दोन सेंटिमीटर जाड असावे. खडबडीत पोत अन्नाचे कण धरून ठेवतो. चकचकीत रोगण सुरीखाली सोलवटते. प्रत्येक चिजाभोवती हाताची चार बोटे मावतील एवढी मोकळी जागा राहील, असा आकार घ्यावा.

ज्या गृहिणीने सागवानी पोळपाट वर्षानुवर्षे जपला, तिला पाटाची निगा निराळी शिकवावी लागत नाही. तो पाण्यात बुडवून ठेवू नये. सौम्य साबणाने व कोमट पाण्याने चटकन धुवावा, लगेच पुसावा आणि दोन्ही बाजूंस हवा लागेल असा उभा ठेवावा. एकच बाजू ओली राहिली तर लाकडाला बाक येतो. वास राहिल्यास मीठ शिंपडून लिंबाच्या फोडीने घासावे. महिन्यातून एकदा खाद्योपयोगी खनिज तेलाचा हात फिरवावा. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल लाकडात खवट होते. बाजारातील तयार मलमांत बहुधा मधमाश्यांचे मेण असते; त्याऐवजी ताडकुळातील कार्नाउबा झाडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाचे मलम मागावे. पावसाळ्यात विशेष जपावे, कारण जेथे ओल तेथे बुरशी आणि जेथे बुरशी तेथे जीवोत्पत्ती. अशा वेळी पाट कोरडा ठेवणे हा यत्नाचारच होय.

श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभागाला स्थान आहे. त्या व्रताचा रोख प्रामुख्याने सुपात्र अतिथीकडे असला, तरी घरी आलेल्या प्रत्येकाला निःशंकपणे घास घेता यावा, ही दृष्टी त्यातूनच येते. पाट शिसवीचा की सागाचा, चीज देशी की विलायती, हे प्रश्न त्यानंतरचे. पाहुण्याने "यात काय आहे?" असे विचारण्यापूर्वीच त्याचे खरे उत्तर पाटावर लिहिलेले असावे.